एका बिंदगीची येळवस

“ओ पावणं! बैल सोडा बैल! येळवस हाय आज! ऊटा माडी होग्री, जेवून जावा! आमच्या बांधावरनं उपाशी कुणी जायाचं न्हाय!”

अप्पांची हाक ज्वारीच्या हिरव्या कणसांवरून घसरत थेट उमरग्याच्या रस्त्यावर जाऊन पडायची. बोलावणं मराठीत सुरू व्हायचं आणि आर्जवाला कानडी लागायची. गाडीवाला कासरा ओढायचा, मेंढरांमागचा धनगर काठी टेकून थांबायचा, सायकलवरचा मास्तर मुकाट्याने खाली उतरायचा. त्या हाकेला ‘नको’ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

अप्पा, म्हणजे उमादेवीचे वडील शिवलिंगप्पा, जाऊन किती पावसाळे उलटले. पण सासरच्या ईट गावाहून निघालेली उमादेवी दोन एसट्या बदलून त्या वळणावर आली, खिडकीतून चिंचेचा शेंडा दिसला, की तिच्या कानात ती हाक अजून उठायची. शेजारच्या बाईने विचारलं, “मावशी, काय म्हणलाव?”

“काय न्हाय गं. माहेर आलं.”

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या, तोंडावर आली होती. या दिवशी गावाला कुलूप आणि रानाला जत्रा. कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून कोप बांधायची, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव मांडायचे, त्यांना आंबिलाचा नैवेद्य दाखवायचा. घरच्या थोरल्याने तीच आंबील रानभर शिंपायची. मग ज्याला रान आहे त्याने ज्याला नाही त्याला बोलवायचं. त्या दिवशी जात, गोत, ओळख कुणी विचारत नाही.

आणि अव्वाविना ही पहिलीच येळवस.

उमादेवीची आई रुद्रम्मा, म्हणजे घरादाराची अव्वा, आषाढात गेली. तिच्या हातची आंबील साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेली. ज्वारीचं पीठ, ताक, आलं-लसूण सगळ्यांचंच असतं. तिच्यात आणखी काहीतरी असायचं. तो हात आता एकट्या उमादेवीकडे होता. म्हणून यंदा दोन्ही भावांच्या घरून दोन निरोप आले होते, वेगवेगळ्या फोनवरून, पण शब्द तेच: आंबिलाला तूच ये.

थोरल्या वीरभद्रच्या सोप्यात नवी कोरी बिंदगी ठेवली होती. गोरोबा कुंभाराने दिलेली, पोटाला रुंद, गळ्याला अरुंद मातीची घागर. उमादेवीने ती वाजवून पाहिली. ठण्ण वाजली.

“वन्सं,” वीरभद्रची बायको मल्लम्मा चुलीपुढून म्हणाली, “अव्वा एकाच बिंदगीत आंबील लावायच्या. सकाळी उठून दोन घागरी करायच्या. आमची आमाला, तिकडची तिकडं.”

मल्लम्मा जावेचं नाव घेत नसे. ‘तिकडं’ म्हटलं की त्यात धाकटा दीर, त्याची बायको, लेक, दोन म्हशी आणि अर्धं रान सगळं यायचं.

पाठीमागच्या दारातून ‘तिकडं’ स्वतः चालत आलं. अमरनाथची बायको महानंदा परातीत आलं-लसूण घेऊन उभी होती. ती मल्लम्माकडे न बघता म्हणाली, “अक्का, यंदा आमची घागर आधी भरा हं. दरसाल खालचा गाळ आमच्या वाट्याला.”

“अगं बाई,” उमादेवी म्हणाली, “घट्ट ते खालीच ऱ्हातं. वर निस्तं पाणी. इतकी वर्सं मलई तू खाल्लीस आन् वर तक्रार तुझीच?”

मल्लम्माला हसू फुटलं. तिने ते धुराच्या नावावर खपवलं आणि फुंकणी उचलली. महानंदाही ओठ दाबून वळली. दोघी जावा एका विनोदाला हसल्या होत्या, पण एकमेकींकडे बघून नाही.

दुपारी दोन्ही घरची दोन पोरं आली. वीरभद्रचा प्रेम रान बघायचा, ट्रॅक्टर चालवायचा. अमरनाथची शुभांगी गावच्या उपकेंद्रात नर्स होती. आईबापांच्या समोर दोघं एकमेकांना ओळख दाखवत नसत, आणि दिवसभर फोनवर बोलत. आत्या आली की मात्र दोघांना उजळ माथ्याने एका ओसरीवर बसायला मिळायचं.

“आत्या, आमी एक काम केलंय,” शुभांगी म्हणाली. “आता शिव्या दे, नायतर पाठीवर हात ठेव.”

“आधी काम सांग.”

“गावाच्या ग्रुपवर टाकलंय. ज्यांना रान न्हाय त्यांची येळवस आमच्या चिंचेखाली. नवे मास्तर, बँकेतला नागपूरचा सायेब, माळावरची ऊसतोडीची टोळी, देवळामागच्या एकट्या म्हाताऱ्या. समद्यांनी यायचं. पोरांना झोका आन् पतंग, बायांना फुगड्या, म्हाताऱ्यांना भजन आन् ऊन. कुणाकडनं काय घ्यायचं न्हाय.”

“फुकट म्हणून लिवलंय का?” उमादेवीने डोळे बारीक केले.

“मोठ्या अक्षरात,” प्रेम म्हणाला.

“मग गावची कुत्रीबी येतील.”

“त्यांनाबी बाजरीचा उंडा असतोयच की येळवशीला.”

उमादेवीने दोघांच्या पाठीवर हात ठेवला. मग विचारलं, “पर चिंच कुणाच्या वाट्याची?”

खरी अडचण तीच होती. वाटणीत रान फाटलं, विहिरीचे वार ठरले, पण चिंच बरोबर बांधाच्या टोकाला, रस्त्यालगत. सकाळची सावली थोरल्याच्या रानात, दुपारची धाकट्याच्या. तिचे दोन तुकडे कुणाला करता आले नव्हते.

“मी आमच्या पप्पांना सांगितलं, आपल्या बाजूला करतोय,” शुभांगी हळूच म्हणाली.

“मी बी आमच्या दादांना तेच सांगितलं,” प्रेम म्हणाला.

“लबाड हाव. अप्पांची नातवंडं शोभताव.”

वीरभद्र संध्याकाळी अंगणात बसला होता. सत्तरीकडे झुकलेला, खांद्यावर घोंगडी, समोर शेगडी. उमादेवी पलीकडे येऊन बसली. तिने विचारलं, “अण्णा, तुमी अमरला येळवशीला कधी बोलिवलं का न्हाई?”

त्याने शेगडीतली राख काडीने उकरली. “म्या कशापाय? नवी कोप त्यानं घातली. वाटणी झाली, मान्य. ज्याचं वावर त्याची कोप, तेबी मान्य. पर नवी कोप घालणाऱ्यानं थोरल्याकडं यायचं, म्हणायचं, ‘अण्णा, पहिला नैवेद्य तुमच्या हातचा.’ हा दस्तूर हाय. म्या पहिल्या साली दुपारपतूर वाट बघितली. अंगात सदरा घालून बसलो होतो, उमा. नवा सदरा.”

“मग?”

“मग काय. तिकडनं ‘ओलगे, ओलगे’ ऐकू आलं. त्यानं रान शिंपायला सुरुवात केली होती. सदरा काढून ठेवला.” राखेतला निखारा लाल झाला आणि विझला. “आन् अव्वाचं काय सांगू? हिथं माझ्या घरात राहायची, माझ्या हातचं पाणी प्यायची, आन् येळवशीला घास त्याच्या कोपीत. धाकटा ना. म्या कधी तोंडातनं अक्षर काढलं न्हाय.”

उमादेवीच्या तोंडात एक वाक्य आलं. दातांपाशी आलं. तिने ते गिळलं, आणि पाण्यासाठी आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर अमरनाथ भेटला. तो बहिणीपेक्षा धाकटा, पण केस तिच्याआधी पिकलेले. मोटार चालू करून तो पाटाच्या कडेला बसला.

“अक्का, अण्णा माझ्याबद्दल काय बोलला का गं?”

“काय बोलाया पायजे?”

“काय न्हाय.” त्याने पाण्यात हात घातला. “थोरल्यानं बोलवायचं असतंय, अक्का. कोप घातली म्हणून मी काय परका झालो? पहिल्या साली महानंदाला म्हणलं, थांब, वाढू नगं, अण्णाची हाक येईल. हाक आली. आता तुला सांगतो, ती हाक अप्पांसारखीच. ‘ओ पावणं, जेवून जावा!’ मी बांधावर उठून उभा ऱ्हायलो. ती ट्रकवाल्याला होती. पुन्हा आली, ती मेंढरंवाल्याला. दरसाल मी हिथं मधी उभा असतो, आन् हाक माझ्या डोक्यावरनं रस्त्याला जाती.”

पाट वाहत राहिला. उमादेवीला वाटलं, या दोघांचं भांडण कधी झालंच नाही. झालं असतं तर मिटलं असतं. भांडणाला तोंड असतं, त्याच्यावर हात ठेवता येतो. हे नुसतं वाट बघणं होतं. एका दस्तुराची दोन टोकं धरून दोन भाऊ बसले होते, आणि दोघांनाही वाटत होतं की दोरी दुसऱ्याने सोडायची आहे.

“अव्वाचं तरी नशीब,” अमरनाथ उठता उठता म्हणाला. “तिला दरसाल अण्णाच्या कोपीत मानाचं पान होतं. माझ्याकडं टेकायची, आंबील द्यायची, आन् म्हणायची, ‘तिकडं जेवते रे.’ म्या म्हणायचो, जा. थोरल्याचं मन राख.”

पुन्हा ते वाक्य. या खेपेला गिळायला जास्त जोर लागला.

कारण अव्वा ‘तिकडं’ही जेवत नसे.

हे उमादेवीला कळलं ते असंच, मागे एका येळवशीला, तुरीच्या ओळीत ओली शेंग तोडताना. विहिरीमागच्या बोरीखाली तिला अव्वाचं लुगडं दिसलं. अव्वा एकटी बसली होती. पुढ्यात ताट नाही, पान नाही. डाव्या अंगाला थोरल्याची कोप दिसत होती, उजव्या अंगाला धाकट्याची, आणि अव्वा हलक्या आवाजात म्हणत होती:

*दोन माझे ल्येक, दोन डोळे कपाळाखाली,*
*एक बघंना दुसऱ्याला, मधी नाकाची भिंत आली.*

“अव्वा, जेवली न्हाईस?”

“जेवले की.”

“कुठं?”

अव्वा लेकीकडे बघून हसली. खोटं बोलायची सवय नव्हती तिला. एवढं एकच खोटं तिने वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलं होतं. “उमा, मी एकाच्यात घास घेतला तर दुसऱ्याची आई ऱ्हात न्हाय गं. दोघं मिळून हात धराय आले तर जाईन. तवर एक दिस पोट रिकामं ऱ्हायलं म्हणून काय मरत न्हाय माणूस.” आणि मग हात घट्ट धरून, “पोरांना सांगू नगं. माझ्या गळ्याची आन हाय. सणाच्या दिवशी त्यांच्या नरड्याखाली घास उतरायचा न्हाय.”

त्यानंतर दर येळवशीला उमादेवी अर्धं पोट एका कोपीत, अर्धं दुसऱ्या कोपीत जेवायची आणि पदरात दोन उंडे बांधून बोरीखाली जायची. अव्वा ते उंडे पाखरांना चुरून घालायची. दिवस मावळला की घरी येऊन शिळी भाकरी दुधात कुस्करून खायची. मायलेकी एका ताटात.

आता गळा गेला. आन मात्र राहिली होती. मेलेल्या माणसाची आन मोडावी की पाळावी, हे कुणाला विचारायचं? आणि सांगून तरी काय होणार? दोन पिकल्या केसांच्या पोरांच्या काळजात एकेक काटा कायमचा. उमादेवी आंबील घोटत राहिली.

अवशीच्या सकाळी धुकं रानावर साईसारखं बसलं होतं. हरभऱ्याच्या पानांवर आंबट दव. घरातल्या चुली पहाटेपासून पेटलेल्या. भज्जीच्या पातेल्यात वाल, तूर, वाटाणा, मेथी, कांद्याची पात, गाजर, सगळं रान उतरलेलं. बाजरीचे उंडे, शेंगाच्या पोळ्या, गव्हाची खीर. मल्लम्माने दोन घागरी पुसून आणल्या.

“वन्सं, करा वाटणी.”

उमादेवीने बिंदगीच्या तोंडावर फडकं बांधलं. “न्हाय करत.”

“म्हंजे?”

“बिंदगी एक हाय. एकच जाईल.” तिने चुंबळ डोक्यावर ठेवली. “हात लाव वैनी, उचलू दे.”

पाठीमागच्या दारात महानंदा उभी होती. दोन जावांनी बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा एकमेकींकडे सरळ बघितलं. मग मल्लम्माने एका बाजूने आणि महानंदाने दुसऱ्या बाजूने बिंदगीला हात लावला.

“अक्का ही कुठं घेऊन चालल्यात?” महानंदाने हळूच विचारलं.

“मला काय ठावं?” मल्लम्मा म्हणाली. आणि कितीतरी दिवसांनी तिला थेट पहिला शब्द बोलली, “चल. बघू तरी.”

पाणंद संपते तिथे वाट फुटते. डावीकडे थोरल्याची कोप, उजवीकडे धाकट्याची. दोन्ही कोपींवर नव्या शाली पांघरलेल्या, दोन्हीकडे दोन भाऊ धुतलेल्या कपड्यांत उभे. उमादेवी फाट्यावर थांबली. डोक्यावरची आंबील आतल्या आत डुचमळली. मग ती सरळ बांधावरून चालत निघाली, चिंचेकडे.

चिंचेखाली जत्रा भरली होती. पोरांनी नाड्याचा झोका बांधलेला, त्यावर आधी पोरी, मग त्यांच्या आया, मग चक्क बँकेतला साहेब. ऊसतोडीच्या टोळीतली लहानगी पोत्यात पाय घालून उड्या मारत होती. देवळामागच्या म्हाताऱ्या उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. नवा मास्तर पतंगाचा मांजा गुंतवून बसला होता आणि पोरं त्याला शिकवत होती. शुभांगी आणि प्रेमने मधोमध तिसरी कोप घातली होती. तिच्या तीन पेंढ्या थोरल्याच्या गंजीतल्या, दोन धाकट्याच्या.

उमादेवीने बिंदगी त्या कोपीपुढे उतरवली.

प्रेम धावत बापाकडे गेला, शुभांगी तिच्या बापाकडे. दोघं दोन तोंडं घेऊन परत आली.

“दादा म्हणतात, आंबील हिकडं आणा.”

“पप्पा म्हणतात, वाटून द्या.”

“दोघांना सांगा,” उमादेवी म्हणाली, “आंबील हिथं हाय. एकट्यानं यायचं न्हाय. दुसऱ्याला बोलवून घेऊन यायचं. दोघांच्या हातानं रान शिंपायचं.”

“आत्या, मग तूच बोलव की दोघांना.”

“मी माहेरवाशीण. पाव्हणी. पाव्हणीनं घरधन्याला जेवाय बोलवायचं नसतंय, बाई. तेवढा दस्तूर मलाबी ठावं हाय.”

निरोप गेले. सूर्य चिंचेच्या डोक्यावर आला. भज्जीचा वास सगळ्या रानात दरवळला, पण रान शिंपल्याशिवाय पान मांडायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत. भजन म्हणणारे दमले. झोका संथ झाला. लहान पोरं आयांच्या मांडीवर येऊन बसली.

डावीकडे वीरभद्र कोपीच्या दाराशी उभा. उजवीकडे अमरनाथ बांधाशी उभा. दोघांच्या मध्ये ढेकूळ फेकावं एवढं अंतर. दोघांचंही तोंड रस्त्याकडे.

“आपले नवरे म्हंजे औताची बैलं हैत,” महानंदा म्हणाली. “एकाच जोखडाला, पर शिंगं हिकडं-तिकडं.”

“बैल बरा गं,” मल्लम्मा म्हणाली, “त्याला चाबूक कळतोय.”

म्हाताऱ्यांतून कुणीतरी खोकलं. कुणी म्हणालं, “शिवलिंगप्पाच्या बांधावर एवढा येळ उपाशी कधी बसलो नव्हतो बाबा.” ते टोमण्यात नव्हतं, नवलात होतं. म्हणून जास्त लागलं.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. टोळीचा मुकादम होता. ऊसतोडीची बाई झटक्यात उठली, पोराला काखेत घेतलं, धडपं डोक्याला गुंडाळलं.

“मावशी, निघतो आमी. फडाला गाडी लागलीय.”

“अगं, जेवून…”

“ऱ्हाऊ द्या. पोरं खेळली, लई झालं. फुडल्या साली येऊ.”

पोरगं तिच्या खांद्यावरून भज्जीच्या पातेल्याकडे बघत होतं. ती बाई बांधावरून रस्त्याकडे चालू लागली. तिच्या मागे तिची जाऊ, तिच्या मागे दोन पोरी.

उमादेवीला दिसलं: अप्पांच्या बांधावरून माणूस उपाशी चाललं होतं. पहिलं माणूस.

पहिलं? नाही. पहिलं नव्हतं.

ती चिंचेच्या मुळीवर चढून उभी राहिली. माहेरी येऊन तिने कधी आवाज चढवला नव्हता. पण दोन कोपींपर्यंत एकदम पोहोचायचं तर आवाज लागणार होता, आणि तो तिच्या गळ्यात होता. कुठून आला हे म्हाताऱ्यांनी लगेच ओळखलं. बसल्या जागी त्यांनी माना वर केल्या.

“अण्णा! अमर! ऐका! अव्वा तुमच्या कोपीत कधी जेवली न्हाय!”

दोघांचीही तोंडं वळली.

“तुमाला वाटलं अमरकडं जेवती. अमर, तुला वाटलं अण्णाकडं जेवती. ती कुठंच जेवली न्हाय. वाटणी झाल्यापासनं एका बी येळवशीला न्हाय. तिकडं, बोरीखाली बसायची, तुमच्या दोघांच्या धुराकडं बघत. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय. उंडे द्यायचे तर पाखरांना घालायची. मला म्हणली, दोघं मिळून हात धराय आले तर जाईन. माझ्याकडनं आन घेतली होती. आज मोडली. काय लागायचं ते पाप मला लागू दे.” तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. “ह्या बांधावरनं अप्पांनी मेंढरामागचं कुत्रं उपाशी जाऊ दिलं न्हाय. आन् त्यांची बायको, तुमची आई, आपल्याच रानात उपाशी बसली. रस्त्यावरल्याला हाका मारताव, तिला कुणी बोलिवलं न्हाय. दोघांनाबी वाटलं, दुसऱ्यानं बोलिवलंय.”

झोका थांबला होता. ऊसतोडीची बाई रस्त्याच्या कडेला, एक पाय बांधावर, तशीच उभी राहिली. ट्रॅक्टरचा भोंगा पुन्हा वाजला. प्रेम पळत तिकडे गेला आणि मुकादमाला काहीतरी सांगू लागला. इंजिन बंद झालं.

अमरनाथ खाली बसला. बांधाच्या मातीतच. डोक्यावरचा रुमाल काढून त्याने तोंडाला लावला. वीरभद्र मात्र बोरीकडे बघत राहिला. बोरीखाली काही नव्हतं. थोडं ऊन, थोडी सावली, आणि पाखरं.

उमादेवी मुळीवरून उतरली. तिला वाटलं, झालं. आन तर मोडलीच, आता माहेरही मोडलं. मल्लम्माने तिचा दंड धरला. दुसऱ्या बाजूने महानंदाने धरला. तिघी तशाच उभ्या राहिल्या.

वीरभद्र चालू लागला. कोपीकडे नाही, बिंदगीकडेही नाही. बांधाकडे. त्याची घोंगडी खांद्यावरून घसरली, ज्वारीच्या ताटांना अडकली. त्याने उचलली नाही. बांधाच्या अलीकडे तो थांबला. पलीकडे अमरनाथ बसलेला. वीरभद्रने छातीत वारा भरून घेतला, तसाच, अप्पा भरायचे तसा. म्हाताऱ्यांनी रस्त्याकडे बघितलं, कारण ती हाक नेहमी तिकडेच जायची.

या खेपेला ती रस्त्यापर्यंत गेली नाही. मोठीही झाली नाही. बांधावर बसलेल्या माणसाच्या पिकल्या केसांपाशीच ती उतरली.

“अमर,” वीरभद्र म्हणाला, “ऊठ. जेवाय ये बाबा. लई येळ झाला.”